पवित्र गुरुवारची मराठी उपासना: धरून देणं, नाकारणं आणि विश्वासू राहणं (इंदूर)

सांजवेळ

सलाम मंडळी.

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी या वर्षी पवित्र गुरुवारची (येशूच्या शेवटच्या भोजनाची) संध्याकाळ मराठीत करायचं ठरवलं आहे. १८७७ मध्ये इथे आलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम पुढे हिंदीतच वाढलं, त्यामुळे रविवारची उपासना हिंदीत असते आणि त्याबद्दल तक्रार नाही. ही फक्त एक संध्याकाळ. विषय येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत, त्याला नाकारणारा शिष्य पेत्र, आणि विश्वासूपणा. चाळीस माणसं, त्यात दहाएक मुलं. एक हॉल, कोटा फरशी. वेळ सात ते साडेआठ. पाळकसाहेब सव्वाआठला पोचतील, त्याआधीचं सगळं आपल्याकडे.

वाचनं कोणती आणि किती लांब? पाय धुण्याचा विधी घ्यावा का? चर्चेला प्रश्न काय ठेवावेत? प्रवचन नको, तयारीचं बोला.

जुनी_घडवंची

वाचनं पाच ठेवा, आणि सुरुवात यहूदापासून नको, दाविदापासून करा.

पहिलं: २ शमुवेल १५:१३-२३ आणि लगेच ३०-३१. मुलगा अबशालोमाचं बंड झालंय. राजा यरुशलेम सोडतो, किद्रोन ओढा ओलांडतो, जैतुनांच्या डोंगराची चढण अनवाणी, रडत चढतो, आणि तिथे कळतं की त्याचा सल्लागार अहिथोफेल फितुरांना मिळाला. योहान १८:१ मध्ये येशू त्याच ओढ्यापलीकडे जातो. अहिथोफेलाने पुढे (१७:२३) घरी जाऊन, घरची व्यवस्था लावून गळफास घेतला. यहूदाची वाट आधीच कोणीतरी चालून गेलं आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप दिसतं. समजावत बसू नका.

याच उताऱ्यात इत्तय गित्ती आहे. वेळ वाचवायला लोक नेमका तोच गाळतात. गथचा परदेशी, नुकताच आलेला. राजा स्वतः म्हणतो, परत जा. तो म्हणतो, मरण येवो की जीवन, माझा स्वामी जिथे तिथे मी. विश्वासूपणा म्हटलं की सगळे सासूला न सोडणाऱ्या रूथकडे धावतात. रूथ आहेच, पण इत्तयाने शब्द दिला तो हरत असलेल्या राजाला, आणि गुरुवारच्या रात्री तेच हवं.

दुसरं: स्तोत्र ५५:१२-१४. शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, हा तर बरोबरीचा, सोबती. हॉलचे दोन भाग करून आलटून पालटून म्हणा.

तिसरं: मार्क १४:३-११. हे तोडू नका. बेथानीतल्या स्त्रीने जटामांसीचं तेल ओतलं आणि लगेच यहूदा मुख्य याजकांकडे गेला, हे दोन्ही मार्क शेजारी शेजारी ठेवतो. तेलाची किंमत तीनशे दिनारांहून जास्त. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२), म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. यहूदाला मिळाली चांदीची ३० नाणी. नाणं चार दिनारांचं धरलं तर १२० दिनार. तेलाच्या निम्मेसुद्धा नाही. शिवाय ३० शेकेल (चांदीचं जुनं वजन) ही निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई. हा हिशेब मुलांना फळ्यावर करायला द्या. आवडतो त्यांना.

चौथं: योहान १३:१-३०. सर्वांत लांब, दोन वाचक घ्या.

पाचवं: लूक २२:३१-३४ आणि ५४-६२.

सावकाश वाचलं तर सगळी मिळून अठरा मिनिटं. मत्तय २७:३-५ मोठ्याने वाचू नका, ते चर्चेत घ्या.

मालवी_ळ

वाचनाबद्दल दोन गोष्टी, फार छोट्या वाटतील पण रंगाचा बेरंग इथेच होतो.

एक, प्रत आधी ठरवा. निम्म्यांकडे जुनं पवित्र शास्त्र, निम्म्यांच्या मोबाइलवर सोप्या भाषेतलं. स्तोत्र एकत्र म्हणताना दोन पाठ एकमेकांत अडकतात. पाचही उतारे एकाच पाठातून १६ पॉइंटात छापा, वचनांचे आकडे काढून टाका. आकडे असले की नवखा वाचक प्रत्येक आकड्याला थबकतो.

दोन, इथली मुलं हिंदी शाळेतली. देवनागरी फाडफाड वाचतात, पण 'पाळक'चं 'पालक' होतं आणि 'वल्हांडण'ला गाडी बंद पडते. अहिथोफेल, इस्कार्योत, गेथशेमाने, मग्दालीया ही नावं कागदावर तोडून लिहून द्या. सराव दोनदा घ्या, दुसऱ्यांदा हॉलमध्ये पंखे चालू ठेवून. घरी ऐकू येणारा आवाज तिथे तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा जात नाही.

आणि तारीख बघून घ्या भिया. होळीची पौर्णिमा २१ मार्चनंतर आली की पवित्र सप्ताह रंगपंचमीवर येऊन आदळतो. २०२४ मध्ये शुभ शुक्रवार २९ मार्चला आणि रंगपंचमीची गेर (मिरवणूक) ३० ला. तशा वर्षी राजवाड्याकडच्या रस्त्यांवर शुक्रवार-शनिवारचा काही कार्यक्रम ठेवूच नका.

एक_शंका

यहूदाला त्या रात्री भाकर आणि प्याला मिळाला की नाही? दर वर्षी यावर वाद होतो आणि वेळ जातो.

जुनी_घडवंची

शुभवर्तमानं वेगवेगळ्या क्रमाने सांगतात, म्हणून वाद संपत नाही. मत्तय आणि मार्कात धरून देणाऱ्याचा उल्लेख आधी, भाकर नंतर. लूकात भाकर आणि प्याला आधी (२२:१९-२०) आणि मग लगेच 'मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे' (२२:२१). योहानात प्रभुभोजनाची (भाकर-प्याल्याच्या विधीची) स्थापना येतच नाही, यहूदा बुडवलेला घास घेऊन बाहेर पडतो. लूकाचा क्रम धरला तर यहूदाला मिळालं. चारही मिळवून एकच घड्याळ लावायला गेलात की अर्धा तास गेला.

पाय धुण्याबद्दल मात्र वाद नाही. योहान १३ मध्ये पाय धुणं बाराव्या वचनाला संपतं, यहूदा उठतो तिसाव्याला. त्याचे पाय धुतले गेले, आणि कोण धरून देणार हे माहीत असताना धुतले गेले (१३:११). त्या संध्याकाळचा कणा हाच. बाकीचं विसरलं तरी चालेल.

घंगाळ

मग पाय धुण्याचं मी सांगते. विधी जरूर घ्या, योहान १३:१७ ला वाचन थांबवून. विधी झाल्यावर १८ पासून पुढे.

माणसं १२. प्रत्येकाचा एकच पाय, म्हणजे माणशी एक मिनिट आणि वर तीन-चार मिनिटं हालचालीची. दोन्ही पाय घेतले तर अर्धा तास जातो आणि मागच्या रांगा गप्पा मारू लागतात.

पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे सहा लिटर कोमट, दोन तांब्यांत भरत राहायचं. पसरट घमेली दोन, सांडपाण्याला झाकणाची बादली एक. पंचे १२, प्रत्येकाला वेगळा. एकच पंचा सगळ्यांना फिरवण्याची पद्धत बंद करा. शास्त्रात एकच रुमाल आहे हे मान्य, पण तिथे पायांच्या बुरशीचा विचार कोणी करत नव्हतं.

चुका कुठे होतात: कोटा फरशी ओली झाली की निसरडी होते, म्हणून खुर्च्यांखाली आणि पुढे गोणपाट अंथरा. प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या मागे सरकतात, लाकडी घ्या. धुणाऱ्याच्या गुडघ्याखाली घडी घातलेली गोधडी, साठीच्या पुढचे असतील तर बसायला पाट. मधुमेहाच्या माणसाला तळपायाला ऊन-गार कळेलच असं नाही, म्हणून पाणी धुणाऱ्याने आपल्या कोपराने पाहायचं, त्याला विचारायचं नाही. पायाला जखम असेल तर त्याचे हात धुवा, आणि हे आधी खाजगीत विचारून ठेवा.

बारा जण चिठ्ठ्या टाकून निवडा, स्त्रिया-पुरुष दोन्ही. रोमन कॅथलिक मंडळीतही जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर स्त्रियांचे पाय धुता येतात. मंडळीतले 'चांगले' बारा निवडले की योहान १३ च्या बरोबर उलटं होतं. पण ज्यांचं आपसात बिनसलंय त्यांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा नाटकी मोह टाळा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि असा समेट सोमवारपर्यंत टिकत नाही.

तिसरा_प्रहर

चर्चेकडे येतो. 'आपल्यातला यहूदा कोण?' हा प्रश्न कुठल्याही रूपात ठेवू नका. मत्तय २६:२२ पाहा, बाराही जण 'मी तर नाही ना प्रभू?' विचारतात. कोणी शेजाऱ्याकडे बोट दाखवत नाही.

पाच-सहा जणांचे गट, वेळ पंधरा मिनिटं, प्रश्न दोनच.

पहिला: अपराध केल्यावर यहूदा कोणाकडे गेला आणि पेत्र कुठे राहिला? मत्तय २७:३-५ सगळ्यांच्या हातात द्या. यहूदाला वाईट वाटलं, त्याने कबूल केलं, पैसे परत केले. पश्चात्तापाचे म्हणून जे टप्पे आपण शिकवतो ते बहुतेक त्यात आहेत. पण तो गेला ज्यांनी त्याला वापरून घेतलं त्यांच्याकडे, आणि उत्तर मिळालं, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. याजकाने द्यायचं ते हे उत्तर नव्हे. पेत्रही बाहेर जाऊन रडला, पण रविवारी सकाळी कबरेवरून मरीया मग्दालीया धावत आली तेव्हा तो सापडला (योहान २०:२). लोकांत होता. दोघांच्या पापाचं वजन तोलत बसू नका. तोललंत तर पेत्राचं हलकं भरेल असंही नाही, त्याने तीनदा नाकारलं आणि शपथ घेऊन नाकारलं.

दुसरा: पेत्र नेमका कशाने घसरला? इथे लोक 'भित्रेपणा' म्हणून मोकळे होतात. पण बागेत त्यानेच तलवार काढली होती (योहान १८:१०). सैनिकांसमोर धीट, दासीच्या प्रश्नापुढे गारद. समोरासमोरच्या लढाईला माणूस तयार असतो, शेकोटीभोवतीच्या सहज चौकशीला नसतो. मंडळीतले तरुण ऑफिसात, कॉलेजात नाव किंवा आडनाव विचारल्यावर काय करतात, ते या प्रश्नातून न ओढता बाहेर येतं.

कोणाला काही कबूल करायचं असेल तर कागदावर लिहू द्या. तो कागद कोणी गोळा करायचा नाही, वाचायचा नाही, ज्याचा त्याने घरी न्यायचा. गोळा करून जाळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण एक कागद अर्धवट जळून अक्षर ओळखू आलं की पुढची दहा वर्षं कोणी लिहिणार नाही.

आणि एक. 'यहूदा' आणि 'यहूदी' ही नावं मुलांच्या कानाला एकच लागतात. सुरुवातीलाच सांगून टाका की येशू, बाराही प्रेषित आणि पेत्र सगळे यहूदी होते. या कथेतून एका समाजावर दोष टाकण्याचा इतिहास फार वाईट आहे.

हिशेबनीस

सगळ्यांनी थैली सोडली. योहान १२:६ आणि १३:२९ प्रमाणे पैशांची थैली यहूदाकडे होती, आणि त्यातलं तो काढून घेत असे. थैलीत पैसे कोणाचे? लूक ८:२-३ वाचा: मरीया मग्दालीया, खुजाची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ जणी आपल्या पैशाने सेवा करत होत्या. थैली सांभाळणारा गुरुवारी गेला, थैली भरणाऱ्यांपैकी मरीया आणि योहान्ना रविवारी कबरेपाशी होत्या (लूक २४:१०). विश्वासूपणाचा धडा द्यायचा तर हा द्या.

आणि मग मंडळीची पेटी बघा. प्रेषित पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ दिला, कोणी दोष लावू नये म्हणून. प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते (२ करिंथ ८:१८-२१). पौलाने तीतावर संशय घेतला असं कोणी म्हणत नाही. तेव्हा दोन मोजणारे, एका घरातले नाहीत. मोजणी तिथेच, टेबलावर, उपासनेनंतर लगेच. नोटांच्या मूल्यानुसार तक्ता, दोन सह्या. पाकिटातली दशमांशाची रक्कम वेगळी, नाव असेल तर पावती. बँकेत भरणा पुढच्या कामाच्या दिवशी, आणि भरणारा तिसराच. पवित्र गुरुवारचं दान गडबडीत जातं, कारण पुढचा दिवस शुभ शुक्रवारच्या सुट्टीचा. पैसे सोमवारपर्यंत कोणाच्या तरी कपाटात राहतात आणि 'चिल्लर लागली म्हणून घेतले' तिथून सुरू होतं. पाकीट बंद करून दोघांच्या सह्या शिवणीवर घ्या.

निरांजन_दिवा

एक काळजी. चाळीस माणसांत ज्यांचा खरोखर विश्वासघात झालाय अशी माणसं असतात. संसारात, भावकीच्या जमिनीत, धंद्यात. त्यांना त्या रात्री 'येशूने यहूदाचेही पाय धुतले, मग तुम्ही?' असं म्हणणं क्रूर आहे. चर्चा चालवणाऱ्याच्या तोंडून ते सहज निसटतं.

क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला योसेफाची कथा घ्या. भावांनी त्याला २० शेकेल चांदीला विकलं (उत्पत्ती ३७:२८). धान्याला ते मिसरात आले तेव्हा त्याने लगेच गळामिठी घातली नाही. ४२ ते ४४ अध्याय तो पारखत राहतो: शिमोनाला अडकवून ठेवतो, बन्यामीनाला आणवतो, प्याला त्याच्या गोणीत लपवतो, बघायला की धाकट्या भावालाही हे लोक सोडून जातात का. विकण्याची कल्पना ज्याची (३७:२६-२७) तो भाऊ यहूदाच (इस्कार्योत नव्हे) ४४:३३ मध्ये म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. त्यानंतर योसेफ रडतो आणि ओळख देतो. मार खाणाऱ्या बाईला किंवा लुबाडलेल्या माणसाला इतका वेळ घेण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि मारहाण चालू असेल तर आधी तिथून बाहेर काढणं. हे पाच वाचनांत घालू नका, चर्चा चालवणाऱ्यांनी मात्र आधी वाचून यावं.

सांजवेळ

हे सगळं उतरवून घेतलं. पण पेत्राच्या रडण्यावर मुलांना घरी पाठवायचं? शेवटी योहान २१:१५-१९ घेतलं तर? पेत्राने तीनदा नाकारलं, येशूने तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस का?' विचारलं, विस्तव तिथेही आहे.

जुनी_घडवंची

नको. तो उतारा ईस्टरनंतरचा आहे आणि ईस्टरनंतरच वाचा. गुरुवारीच सगळं गोड करून टाकलं तर शुक्रवारी कशासाठी यायचं?

तिसरा_प्रहर

घडवंचीकाका, मोठ्यांपुरतं बरोबर. दहा वर्षांच्या मुलाला 'बाहेर जाऊन मोठ्याने रडला' यावर सोडलं की रात्री तो आईला पेत्राचं पुढे काय झालं हेच विचारणार. योहान २१ न घेताही उपाय तुमच्याच पाचव्या वाचनात आहे. लूक २२:३२: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. नाकारण्याच्या आधीच वळण्याचं बोललं गेलंय. ते एक वचन शेवटी पुन्हा, दुसऱ्या वाचकाकडून, एकदाच.

जुनी_घडवंची

हे चालेल.

घंगाळ

दिवे आणि भाकर राहिलं.

प्रत्येक वाचनानंतर एक मेणबत्ती विझवायची असेल तर पाच पुरेत. पंधरा मेणबत्त्यांची जुनी पद्धत मठांतल्या लांब स्तोत्रपठणाची, नव्वद मिनिटांत बसत नाही. इंदूरला या दिवसांत पंखे बंद करणं शक्य नाही, म्हणून काचेच्या चिमण्या लावा, नाहीतर दुसऱ्याच वाचनाला तिसरी विझलेली. फुंकर नको, मेण उडतं, मेणबत्ती विझवायच्या टोपीने विझवा. शेवटच्या वाचकाला छोटी बॅटरी द्या, अंधारात १६ पॉइंटही दिसत नाही. मुलांना सांगायला एक: वल्हांडण (यहूद्यांचा सण) पौर्णिमेचं, म्हणजे त्या रात्री चांदणं होतं, तरी पकडायला आलेले मशाली आणि कंदील घेऊन आले (योहान १८:३). का, ते त्यांनाच विचारा.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रभुभोजन दीक्षित पाळकच चालवतात, म्हणून ते सव्वाआठनंतर. त्याआधी पाळकांविना भाकर मोडून 'तसंच काहीतरी' करू नका. बेखमीर भाकरीला चाळीस जणांना २०० ग्रॅम कणीक, साधारण १२० मिली पाणी, मीठ-तेल काही नाही. पाच पोळ्या, प्रत्येकीचे आठ तुकडे. संध्याकाळी पाचनंतर भाजा आणि ओल्या फडक्यात नाही, कोरड्यात गुंडाळा. सकाळी केल्या तर पापड होतात आणि मोडताना चुरा सांडतो. द्राक्षरस माणशी १५ मिली धरून ६०० मिली, वर थोडा.

एक_शंका

शेवटची शंका. मत्तय २७:९ मध्ये तीस नाण्यांचं वचन यिर्मयाचं म्हटलंय, पण ते तर जखऱ्यात सापडतं. कोणी विचारलं तर?

जुनी_घडवंची

विचारणारच, मंडळीत एक तरी असा असतो. तीस नाणी आणि ती कुंभारासाठी मंदिरात फेकणं जखऱ्या ११:१२-१३ मधलं. कुंभार आणि हिन्नोमाचं खोरं यिर्मया १८-१९ मध्ये आहे, आणि यिर्मया ३२:९ मध्ये तो १७ शेकेल चांदीला शेत विकत घेतो. मत्तयाने दोन्हींचे धागे एकत्र विणले आणि नाव मोठ्या संदेष्ट्याचं दिलं, असं बरेच भाष्यकार मानतात. यहूदाच्या मरणाबद्दल मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये १:१८ यांत फरक आहे, तोही याच माणसाला दिसेल. दोन्हीकडे शेताचं नाव रक्ताशी जोडलेलं आहे, तेवढं सांगा. उत्तर दोन मिनिटांत आटपा आणि त्याला शुक्रवारी चहाला बोलवा, नाहीतर पाळकसाहेब येईपर्यंत अख्खा हॉल यिर्मयातच बसलेला असेल.